गेटावरची कर्दळ

जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर एक कोळीण बसायची. पाठीशी पुरुषभर उंच कर्दळ, तिनेच लावलेली. टाकीचं ओसंडणारं पाणी वाया जातंय हे बघून तिने तिथे एक कंद रोवला आणि त्याचं रान झालं. सावलीही तीच, मासळीवर झाकायला पानंही तीच.

मी सेक्रेटरी झालो आणि कर्तबगारी दाखवायची म्हणून, ‘डास होतात’ असं सांगत कर्दळ उपटून लाद्या बसवल्या. सकाळी ती आली आणि पाटी आपटून ओरडली, "तुमच्या टाकीचं पानी कोन पीत व्हतं? तू?"

ऑफिसात चाळीस जणांना झापणारा मी लिफ्टकडे पळालो.

ढिगाऱ्यातले कंद वेचून तिने समोरच्या गटाराकाठी लावले आणि तिथेच बसू लागली. आमच्या गेटात आता पाणी तुंबतं, डास खरोखरच झालेत. परवा धीर करून मी तिच्याकडे एक कंद मागितला.

बोंबील साफ करता करता, मान वर न करता ती म्हणाली, "आधी लाद्या उचल. मंग ये."

रविवारच्या मीटिंगमध्ये पहिला विषय तोच ठेवलाय.