आईचा टाकणखार

आज चहा ओतताना पांढऱ्या मगाच्या काठाचा टवका उडालेला दिसला आणि आई आठवली. शेत सोडून मी बेळगावात एनॅमलच्या कारखान्यात लागलो म्हणून ती रुसली होती. एकदा आमच्या गावाहून, कुंभारवाड्याहून, माझं काम बघायला आली. पोत्यातली पांढरी पूड चिमटीत धरून म्हणाली, “ह्यो तर टाकणखार! तुझं तोंड आलं की मधातनं लावत हुते.”

“रेतीसंगं वितळवून त्याची काच करतो, आई. तीच पोलादावर चढवतो.”

तेवढ्यात भट्टीतून लालबुंद मग बाहेर आला आणि निवता निवता दुधासारखा पांढरा झाला. आईनं नकळत हात जोडले. मला रोजचंच होतं ते, तरी तिच्याशेजारी मीही बघतच राहिलो.

शेतावर परत कधी येतोस, हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.