आईच्या साडीचा रंग

संध्याकाळ झाली की डोळ्यांना त्रास नको म्हणून माझ्या लॅपटॉपची स्क्रीन आपोआप पिवळसर होते, आणि मला जे. पी. नगरातलं ते फोटोचं दुकान आठवतं. तेव्हा मला हे पिवळेपण ठाऊकच नव्हतं. आईच्या वर्षश्राद्धासाठी तिचा फोटो मोठा करायला दिला होता, तो छापून आला तर साडी जांभळी. लॅपटॉपवर मात्र डाळिंबी. मी लॅपटॉप काउंटरवर आदळला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हाताऱ्या दुकानदाराला म्हणाले, "माझ्या आईची साडी मला माहीत नाही का?" तो हळूच कानडी हेलात म्हणाला, "अक्का, तुमचीच स्क्रीन स्वल्प पिवळी दिसते." मी फोटो टर्रकन फाडला. त्यानं मला हवा तसा डाळिंबी साडीचा फोटो छापून दिला, आणि फाडलेले तुकडेही पाकिटात घातले. घरी बाबांनी नवा फोटो बराच वेळ पाहिला, मग कपाटातून तीच साडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. डांबरगोळ्यांचा वास आला. साडी जांभळीच होती. आज भिंतीवर चिकटपट्टीनं जोडलेला तो पहिला फोटो आहे. नवीन मागायला दुकानातल्या त्या अण्णांकडे कोणत्या तोंडानं जायचं?