दोर धरणारा

फूलबागेजवळच्या वाचनालयात एक गृहस्थ रोज दाराजवळच्याच खुर्चीवर मराठी पेपर वाचत बसायचे. वरचा पंखा करकरला की त्यांच्या दोन्ही मुठी घट्ट आवळल्या जायच्या. ते पाहून मला उगाच भीती वाटायची.

एकदा मी शंभरेक वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी मासिक वाचत होते. त्यांनी विचारलं, "काय आहे त्यात, ताई?"

"कविता आहे. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवरची. एक जण खड्ड्यात उतरतो, त्याचा दोस्त वर दोर धरून उभा असतो. माती ढासळते आणि खालचा खालीच राहतो."

"लिहिली कोणी?"

"टोपणनाव आहे. खरं नाव कुणालाच माहीत नाही."

ते पेपरची घडी घालू लागले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे कविता लिहिणारा तोच, वर दोर धरणारा असणार. आम्ही पण विहिरी खोदत होतो ना, दोराची कप्पी या पंख्यासारखीच करकरायची, मला पता आहे. हातातून दोर सुटला की माणूस आधी गाव सोडतो, मग नाव."

पंखा करकरला. या वेळी मुठी आवळल्या नाहीत. उघड्या तळव्यांवर दोराचे आडवे, पांढरे वळ होते.

त्यांचं नाव विचारायचं रोज राहून जायचं. आता विचारायची भीती वाटते. ते आले की मी फक्त उठून पंखा बंद करते.