नव्या डिस्कवरचे जुने डाग

ऐंशीच्या दशकात कॉलेज करता करता मी नागपूरला सदर भागातल्या एका कॉम्प्युटर सेंटरवर काम करायचो. परीक्षेचे गुण तिथे दोन डिस्कवर सारखेच ठेवलेले असत; एक गेली तरी दुसरी असावी म्हणून. त्या उन्हाळ्यात एक गेली. मी नवी बसवली, उरलेल्या जुन्या डिस्कवरून सगळं तिच्यावर उतरवलं. मशीनने जुनीवरच्या काही जागा खराब सांगितल्या, आणि नव्या डिस्कवरच्याही अगदी त्याच. मी आणखी एक नवी लावली. पुन्हा त्याच जागा.

"काय गा, घरून भूत घेऊन येऊन राहिला का?" सोबतचा ऑपरेटर हसला.

त्या जागांवर नागपूरजवळच्या कुहीकडच्या मुलांचे गुण होते. त्यांचा निकाल राखून ठेवावा लागेल, असं सेंटरचे साहेब म्हणाले. मी तिकडचाच, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. एसीच्या घरघरीत डिस्क कुजबुजते आहे असं वाटू लागलं.

भीत भीत मी जुनीवरची एक 'खराब' जागा थेट वाचून पाहिली. गुण जसेच्या तसे होते. कधीतरी केबल ढिली असताना मशीनने त्या जागा खराब म्हणून नोंदवल्या असाव्यात, आणि आम्ही ती नोंदही प्रत्येक कोऱ्या डिस्कवर उतरवत होतो. ती नोंद पाहून मशीन तिकडे बघतच नव्हतं.

मी दोन्हींवरची नोंद पुसली आणि त्या जागाही नव्या डिस्कवर उतरवल्या. प्रिंटर खडखडला आणि कुहीकडची नावं एकेक करून कागदावर उमटू लागली.

"आले गा," ऑपरेटर हळूच म्हणाला, आणि ती मुलंच आत येत असल्यासारखा दाराकडे बघत राहिला.