उतार बघून लावलेली बस

"मॅडम, आप रोज आते, रोज बोलते, मैं हौ बोलता. फिर काय कू खालीपिली बीपी बढाते?"

रफिकभाई स्टिअरिंगवर हात ठेवून मला समजावत होते. त्यांची मिनीबस उभी होती आणि इंजिन धडधडत होतं. धुराच्या बरोबर रेषेत गारखेड्यातल्या अंगणवाडीची खिडकी होती.

मी महापालिकेच्या यांत्रिकी विभागात ज्युनिअर इंजिनिअर. माझं मूळ काम कचरागाड्या चालू ठेवण्याचं. त्या उन्हाळ्यात उलटं काम गळ्यात पडलं, उभ्या गाड्यांची इंजिनं बंद करायचं. गाडी जागेवर आणि इंजिन चालू, याला आयडलिंग म्हणतात. डिझेल जळतं, हवा नासते आणि गाडी इंचभरही पुढं जात नाही. शाळा, दवाखाने, अंगणवाड्यांसमोर पालिकेनं फलक लावले, 'थांबलात? इंजिन बंद करा.' आधी समज द्यायची, मग दंड.

बाकी ठिकाणी लोक ऐकू लागले. रिक्षावाले तर फलक बघून आपणहून बंद करायचे. अडून बसल्या त्या वाळूजच्या कारखान्यांत कामगार नेणाऱ्या मिनीबस. सगळ्या एकाच मालकाच्या. उन्हाळ्यामुळं अंगणवाडी सकाळी लवकर भरायची आणि नेमक्या त्याच वेळी या बस जनरल शिफ्टची माणसं घ्यायला तिथं थांबायच्या.

"खिडकी लावली की लेकरं उकाड्यानं रडत्यात, उघडली की खोकत्यात," सेविका कुसुमताई मला म्हणाल्या. "मी करू तरी काय?"

आमच्या साहेबांकडं एकच औषध होतं.

"साळवे, पावत्या फाडा."

"फाडल्या साहेब. ड्रायव्हर दंड भरतात आणि इंजिन चालूच ठेवतात."

"मग अंगणवाडी हलवू. मोठ्या रस्त्यापलीकडं एक खोली रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत बघा, नाहीतर मी तसा प्रस्ताव पाठवतो."

हे कळल्यावर कुसुमताईंचा आवाज चढला. "रस्त्यापल्याड? आया सकाळीच कामावर जात्यात. एवढ्याशा लेकरांना तिकडं कोण सोडणार? म्हंजी अंगणवाडी बंदच झाली म्हणा की!"

मला भयंकर राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. साहेबांना उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून मी डोकं चालवायला घेतलं.

मला एक गोष्ट खटकत होती. गरिबाघरचा ड्रायव्हर पदरमोड करून दंड भरतो, पण चावी फिरवत नाही. असं का? विचारलं तर सगळे एकच सांगायचे, "परत चालू करायला डिझेल लई लागतं." हे साफ खोटं. गरम इंजिन चालू व्हायला कितीसं डिझेल लागणार? त्याहून जास्त ते थांब्यावर जाळत होते.

रविवारी मावशीकडं निघाले होते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी चढ आहे. तिथं रफिकभाईंची बस उभी दिसली, तोंड उताराकडं आणि पुढच्या चाकाखाली दगड. पलीकडं सपाट मैदान रिकामं पडलेलं. माझी ट्यूब तिथंच पेटली. आमच्या जुन्या कचरागाड्यांचे ड्रायव्हर अगदी अशीच जागा शोधायचे. सकाळी दगड काढायचा, गाडी उतारावर सोडायची, गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन उचलतं. उतार बघून गाडी लावली की समजायचं, बॅटरी मेलेली आहे.

बॅटरीच्या जोरावर सेल्फ फिरतो आणि सेल्फ इंजिनला पहिला झटका देतो. बॅटरीत दम नसेल तर बंद केलेली गाडी बंदच राहते. अंगणवाडीसमोरचा रस्ता सपाट. तिथं इंजिन बंद करायचं म्हणजे धक्का मारायला माणसं शोधायची.

सोमवारी रफिकभाईंना थेट विचारलं, "सेल्फ मारत नाही ना?"

ते इकडंतिकडं बघून भडाभडा बोलले. "मालक को बोल बोल के थक गया मॅडम. बोलते, चालू गाडीला बॅटरी कशाला लागती? बंदच करू नको. किसी को बोला तो नौकरी गई समझ."

मी कुणाचं नाव घेतलं नाही. मालकालाच सकाळी थांब्यावर बोलावलं. शेठ कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यात आले.

"मॅडम, माझ्या गाड्या टकाटक हायेत. ड्रायव्हर लोकच ऐकत नाय."

"मग सोपं आहे. तुम्ही बसा, बंद करा आणि चालू करून दाखवा. झाली तर दंड ड्रायव्हरचा, नाही झाली तर तुमच्या नावावर."

"व्हय, त्यात काय!" शेठ ऐटीत चढले. इंजिन बंद झालं. कुसुमताई खिडकीत आल्या. शेठनी चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. बसमधले कामगार ओरडायला लागले, "ओ शेठ, पंचिंगची वेळ चुकंल आमची!"

आता इलाज नव्हता. रफिकभाई स्टिअरिंगवर बसले. कामगार खाली उतरले, मी ओढणी कमरेला खोचली आणि शेठनाही मागं यावं लागलं. घाईत ते नेमके सायलेन्सरजवळ उभे राहिले. बस सरकली, इंजिननं उचल घेतली आणि काळा ढग थेट शेठच्या शर्टावर बसला. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लेकरं रोज हेच खात्यात शेठ," कुसुमताई खिडकीतून म्हणाल्या. बाकी मला काही बोलावं लागलं नाही.

त्याच आठवड्यात सगळ्या बसला नव्या बॅटऱ्या आल्या. रफिकभाईंची नोकरीही शाबूत राहिली, कारण एवढ्या लोकांदेखत फजिती झाल्यावर शेठना दुसऱ्या कुणावर दोष ढकलता येत नव्हता. आता बस थांबली की चावी फिरते आणि कामगार बंद इंजिनाच्या बसमध्ये गप्पा मारत बसतात.

"या महिन्यात पावत्या किती?" साहेबांनी विचारलं.

"त्या थांब्यावर एकही नाही साहेब. आणि अंगणवाडी हलत नाही."

हे वाक्य बोलताना मान ताठ होती, हे मी कशाला लपवू? नोकरीत मी पूल बांधला नाही की उद्‌घाटनाच्या पाटीवर माझं नाव नाही. पण गारखेड्यातली एक खिडकी मी उघडी ठेवली, असं मी कुणालाही छातीठोक सांगते.

कामातून शिकले ते एवढंच. नियम मोडणाऱ्याच्या हातात चावी असते, पण बॅटरी दुसऱ्याच्या पैशाची असते. पावती फाडण्याआधी तो दुसरा कोण, हे शोधावं.