आर्वो निस्कानेन खोलीत एकटा होता

पेल्टोला टाउनशिप या आमच्या छोट्या गावात हत्तीवाले कोण आणि गाढववाले कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी तोंडावर कुणी विचारत नाही. हत्ती आणि गाढव ही आमच्या दोन मोठ्या पक्षांची चिन्हं, पण गेल्या काही निवडणुकांपासून ती घरोघरच्या जेवणाच्या टेबलांवरही येऊन बसली आहेत. म्हणून लोक बर्फाबद्दल बोलतात, हरणांच्या शिकारीबद्दल बोलतात, आणि राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा हे ओठ मिटून ठरवतात.

आर्वो निस्कानेन हत्तीवाला होता. ते त्याने कधी लपवलं नाही आणि कधी मिरवलंही नाही.

त्याचे वडील लोखंडाच्या खाणीत होते. खाण बंद पडली तेव्हा आर्वो नुकताच शाळेतून बाहेर पडला होता. दक्षिणेला मोटारींच्या कारखान्यात जाण्याऐवजी तो जवळच्या हवाई तळावर भरती झाला. तिथे त्याच्या तुकडीचं काम होतं विमानांच्या पोटात अणुबॉम्ब चढवण्याचं. चढवायचे, तपासायचे, उतरवायचे, पुन्हा चढवायचे. वापरायची वेळ कधीच आली नाही. "माझी सगळी नोकरी 'काहीही घडलं नाही' या एका गोष्टीवर उभी आहे," असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

तळावर विमानांभोवती जमिनीवर लाल रेघ आखलेली असे. तिच्या आत एकट्याने पाऊल टाकायचं नाही. शिपाई असो, कर्नल असो, कायम दोघं, आणि दोघंही एकमेकांचं काम समजणारे असावे लागत. एका जानेवारीत आर्वोचा जोडीदार हातमोजे आणायला मागे फिरला आणि आर्वो बोलण्याच्या भरात रेघ ओलांडून पुढे गेला. पहाऱ्यावर होता लेलंड, त्याचा जिवलग मित्र. त्याने बंदूक रोखून आर्वोला बर्फात पालथं झोपवलं आणि वरिष्ठ येईपर्यंत उठू दिलं नाही.

"आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता," आर्वो म्हणे. "त्या दिवशी त्याने मला ओळख दाखवून सोडलं असतं, तर मी त्याला लग्नाला बोलावलंच नसतं."

त्याची बायको इर्या यावर दर वेळी म्हणायची, "म्हणजे माझ्या नवऱ्याच्या छातीला कायमचा कफ झाला तो मैत्रीमुळे."

तळ बंद झाल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये बर्फावरच्या मोटारी दुरुस्त करायला घेतल्या. इर्या गेली तशी त्याची शनिवारची सॉना शेजाऱ्यांची झाली. आधी वाफेत अंग भाजून घ्यायचं, मग कॉफी, मग न संपणाऱ्या गप्पा. आणि दर निवडणुकीला तो टाउनशिपच्या सभागृहात मतदानाच्या टेबलामागे बसू लागला. आमच्या राज्यात टेबलामागे दोन्ही पक्षांची माणसं लागतात. मतपेटी उघडायची तर एक हत्तीवाला, एक गाढववाला. पेटीला सील करायचं तरी तसंच. आर्वोला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली. बॉम्बची पाळी आणि मतपेटीची पाळी यांत त्याला फारसा फरक दिसत नव्हता.

त्याच्या शेजारी बसायची डेलोरिस बोशॅम, शाळेच्या बसची निवृत्त चालक आणि पक्की गाढववाली. सभागृहात प्रचाराचं बोलायला बंदी, त्यामुळे दोघं इतर सगळ्या विषयांवर भांडत.

"आर्वो, तुझा चष्मा पूस. समोर माणूस आहे की अस्वल, ते तरी कळेल."

"कळतंय. अस्वल इतकं बोलत नाही."

त्या वर्षीची निवडणूक वेगळी होती. लोकशाही बुडायला आली आहे, असं दोन्ही बाजू सांगत होत्या. बुडवणारा कोण, एवढ्याच मुद्द्यावर मतभेद होता. कुणी म्हणे परदेशी हेर यंत्रांत घुसलेत, कुणी म्हणे आपल्यातलेच मतं चोरतात. आमचं राज्य अटीतटीचं, म्हणून टीव्हीवर सारखा आमचा नकाशा. शेरिल तुओमीने अंगणात हत्तीचा फलक लावला, त्यावर डेलोरिस काहीतरी बोलली. तेव्हापासून चर्चमध्ये एकाच बाकावर बसणाऱ्या त्या दोघी बाकाची दोन टोकं धरून बसत.

आणि पहिल्यांदाच आमच्या सभागृहात बाहेरून निरीक्षक आला. गेलन प्रुइट, हत्तीवाल्यांनी पाठवलेला, विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला सभ्य गृहस्थ. तो मोठ्या पुलाच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या बाजूचा. पुलाखाली राहणाऱ्यांना आम्ही मुलांच्या गोष्टीतल्यासारखे पुलाखालचे राक्षस म्हणतो. तेही आम्हाला काहीतरी म्हणतात, ते इथे नको.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून सरोवरावरून ओला बर्फ येत होता. दाराजवळच्या टेबलावर शेरिल चर्चसाठी पास्ट्या विकत होती. मांस, बटाटा आणि सलगम भरलेल्या त्या तळहाताएवढ्या करंज्यांचा वास सभागृहभर होता. प्रुइटने आपल्या पास्टीवर रस्सा मागितला तेव्हा अख्ख्या रांगेने माना वळवल्या.

"इथे केचप लावतात," शेरिल म्हणाली.

"आमच्याकडे रस्सा घेतात."

"म्हणूनच तुम्ही खाली राहता."

दुपारी वीज गेली. मतं मोजणारं यंत्र थांबलं. अशा वेळी लोक मतपत्रिका पेटीच्या बाजूच्या खणात टाकतात, आणि वीज आली की दोन पक्षांची दोन माणसं तो खण उघडून त्या यंत्रात घालतात. वीज आली. आर्वो आणि डेलोरिसने मिळून खण उघडला आणि मतपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. तेवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला. बर्फ सारणारा ट्रक वळणावर घसरून खड्ड्यात आडवा झाला होता.

आमच्याकडे ट्रक खड्ड्यात गेला की विचार कुणी करत नाही. रांग धावली. शेरिल चिमटा हातात घेऊनच धावली. टाउनशिपची चिटणीस नॅडीन ओयाला धावली. ट्रकमध्ये डेलोरिसचा पुतण्या होता, ती सगळ्यांच्या पुढे. प्रुइट आधीच बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत होता. आर्वोचा गुडघा धावण्यातला नव्हता.

"कोणीतरी एक जण थांबा!" तो ओरडला. दार आपटून बंद झालं.

टेबलावर उघडी मतं, आणि खोलीत एकटा आर्वो. बाहेर जावं तर मतं बेवारस. थांबावं तर तो एकटा. त्याने टेबलापासून शक्य तेवढं लांब जाऊन रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभं राहून दोन्ही तळहात काचेला टेकवले. बाहेरून कुणीही पाहिलं तर त्याचे दोन्ही हात दिसावेत.

बाहेरून कुणीही पाहिलं नाही. सगळे पुतण्याला ओढून काढत होते.

पुतण्याचं कपाळावरच्या टेंगळावर निभावलं. लोक हसत, बर्फ झटकत आत आले. आर्वो अजून तसाच काचेला चिकटलेला.

"हे काय?" डेलोरिस म्हणाली. "तुला कुणी अटक केली?"

"नॅडीन," आर्वो हात न काढता म्हणाला, "मी उघड्या मतांजवळ एकटा होतो."

नॅडीनने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं. आता नाहीस ना? चल, मतं यंत्रात घालू या."

"आधी हे सगळ्यांना सांग."

"अरे, कुणाला संशय आहे तुझ्यावर?" डेलोरिस म्हणाली. "मी माझी नातवंडं तुझ्यावर सोडून जाते."

"नातवंडं बोलू शकतात. घरी येऊन सांगतील मी काय केलं ते. हा कागद काय सांगणार?"

प्रुइट जवळ आला. त्याला झालेला प्रकार कळला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. त्याने आर्वोचं कोपर धरून त्याला बाजूला घेतलं, पण आमच्या सभागृहात बाजू अशी नाहीच, सगळं ऐकू येतं.

"मिस्टर निस्कानेन, तुम्ही आपल्या पक्षाचे आहात. या टाउनशिपमध्ये आपल्याला चांगली मतं मिळतात. तुम्ही हे जाहीर केलंत तर ते लोक ही मतं बाद करायला धावतील. आणि नाव तुमचंच फिरेल, फोटोसकट."

"फिरू दे."

"तुम्ही काही केलं नाहीये!"

"हे तुम्हाला कसं माहीत?" आर्वोने विचारलं. "तुम्ही तर गाडीत होता."

प्रुइटने त्याचं कोपर सोडलं.  नॅडीनच्या मनात काय चाललं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. सांगितलं तर अख्ख्या टाउनशिपला चोर म्हणतील. नाही सांगितलं आणि नंतर कळलं, तर चोर म्हणण्यात काही चूकही राहणार नाही.

"तू माझा मित्र आहेस रे," डेलोरिस आता चिडली होती. "का स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोस?"

"तुझा विश्वास शनिवारी सॉनाला येताना घेऊन ये, डेलोरिस. तिथे मला हवाय तो. इथे नको." मग तो म्हणाला, "जे लोक हरतील त्यांचा विचार कर. कोणीही हरो. त्यांनी माझ्या चांगुलपणावर का विसंबावं? ते मला ओळखतही नाहीत."

नॅडीनने टाळी वाजवली. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना तिने घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. आर्वोला तिने बाजूला उभं ठेवलं. मग तिने जिल्ह्याला फोन लावला. तिकडून सांगितलं की ती मतं वेगळी सील करा, जिल्हा मंडळ ती सर्वांसमोर तपासेल. मतदान चालू ठेवा.

आर्वोने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "तळावर एकटा सापडलेला माणूस त्याच पाळीत परत उभा राहत नसे."

आता टेबलामागे हत्तीवाला कुणीच उरला नव्हता, आणि दोन पक्षांशिवाय ती मतं पिशवीत सील करता येत नव्हती. नॅडीन लोकांकडे वळली.

"शपथ घेऊन आर्वोच्या जागी कोण बसेल? त्याच्या पक्षाचं कुणीतरी पाहिजे."

निम्मी रांग त्याच्या पक्षाची होती. कुणी बुटांकडे पाहिलं, कुणी छताकडे. चारचौघांत हात वर करून आपण कोण ते सांगणं एवढं जड झालं होतं आमच्याकडे. प्रुइटने घसा खाकरला, पण तो या टाउनशिपचा नव्हताच.

शेरिल तुओमीने चिमटा खाली ठेवला. एप्रन काढला, घडी केली.

"मी बसते," ती म्हणाली. "फलक तर सगळ्यांनी पाहिलाच आहे."

ती डेलोरिसच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.  डेलोरिसने मान वळवली नाही.

"हात धुतलेस का? मतांना लोणी लागेल."

"तुझ्या जिभेला लावलं असतं तर बरं झालं असतं."

"तिला लागतच असतं. म्हणून तर घसरते." डेलोरिसने सील उचललं. "त्या फलकावरून घसरली होती. मला ते बोलायला नको होतं."

"सील दे इकडे," शेरिल म्हणाली. दोघींनी मिळून मतांची पिशवी बांधली.

पास्ट्यांचं टेबल रिकामं पडलं होतं, म्हणून आर्वो तिथे जाऊन उभा राहिला आणि उरलेला दिवस त्याने पास्ट्या विकल्या. प्रुइटने पुढे होऊन एक घेतली. केचप लावून.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या कचेरीत ती पिशवी उघडली. मंडळावर दोन हत्तीवाले, दोन गाढववाले. आर्वो शर्टाचं वरचं बटण लावून समोरच्या बाकावर बसला होता. मागे आम्ही निम्मी टाउनशिप. कॅमेरेही आले होते. त्याचा फोटो खरोखरच फिरला होता, आणि त्याखाली अनोळखी लोकांनी जे लिहिलं ते त्याने वाचलं नाही. आम्ही वाचलं.

"तुम्हाला मतपत्रिका बदलता आल्या असत्या का?" मंडळाच्या अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"प्रयत्न करता आला असता."

"केला का?"

"नाही. पण माझं ऐकून थांबू नका. मोजा."

त्यांनी मोजलं. मत बदलायचं तर दुसरी कोरी मतपत्रिका हवी, आणि टाउनशिपला आलेल्या मतपत्रिकांपैकी वापरलेल्या आणि उरलेल्या मिळून एकही कमी नव्हती. मतदारांची संख्याही जुळली. चौघांनी हात वर केले, चौघांनीही एकाच बाजूने. पिशवीतली मतं राज्याच्या मोजणीत गेली. कुणाला जास्त होती हे सांगण्यात अर्थ नाही. जिंकलेल्यांनी ती घेतली आणि हरलेल्यांनी त्यांवर बोट ठेवलं नाही. त्या हिवाळ्यात असं फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणता आलं.

आर्वोच्या पक्षाने पुढच्या निवडणुकीसाठी त्याचं नाव पाठवलं नाही. शेरिलचं पाठवलं. आम्हाला राग आला. आर्वोला आला असेल तर त्याने दाखवला नाही. डेलोरिस शनिवारी सॉनाला आली तेव्हा मात्र तिने त्याच्या पक्षाबद्दल जे काही म्हटलं, त्यातलं निम्मं त्याने हसून मान्य केलं.

ऑगस्टमध्ये लहानशी स्थानिक निवडणूक होती. आर्वो मतदार म्हणून आला. इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. टेबलामागे शेरिल आणि डेलोरिस शेजारी शेजारी.

"ओळखपत्र," शेरिल म्हणाली.

"शेरिल, तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तुला हातात धरलं होतं."

"ते मी नाही पाहिलं. ओळखपत्र."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आर्वोने खिसे चाचपले, पाकीट काढलं, आणि ओळखपत्र तिच्यासमोर ठेवलं. शेरिलने त्यावरचा फोटो पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो पाहिला. तेच ओळखपत्र तिने डेलोरिसपुढे सरकवलं.

आर्वो हाताची घडी घालून उभा होता, समाधानाने.