रस्त्यापलीकडची टपालपेटी

ओझेला प्रुइटचा सगळा जन्म कपड्यांवरचे डाग काढण्यात गेला. पाच मुलं, गॅरेजात राबणारा नवरा आणि दर रविवारी चर्चला लागणारे पांढरेशुभ्र शर्ट. म्हणूनच गेल्या मार्चमध्ये तिला डाग पाडायचं काम सांगून आलं, तेव्हा तिच्या नवऱ्याला, वेन्डेलला, हसू आवरेना.

गावाबाहेरच्या बंद कापूस-गिरणीत एका मालिकेचं शूटिंग व्हायचं होतं. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या मजुरांची आणि कपडे मात्र नवे करकरीत. वेशभूषा बघणाऱ्या आयरीनबाईंनी गावातल्या बायकांना एकेक शर्ट दिला आणि जुना करून आणा म्हणाल्या. ओझेलानं कॉलर दगडानं घासली, कोपरं किसणीवर धरली, पाठीवर चहाचं पाणी मारून शर्ट दोन दिवस कुंपणावर उन्हात टाकला. आयरीनबाईंनी तो उलटसुलट पाहिला, नाकाशी नेला आणि सांगितलं, सोमवारपासून ये. चार महिन्यांचं काम आहे.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फक्त कागद द्यायचे होते. बाहेरच्या कंपन्या लुइझियानात येतात त्या करातल्या सवलतीसाठी, हे आता न्हाव्याच्या दुकानातही ऐकायला मिळतं. त्यातही इथल्या रहिवाशाला पगार दिला की सवलत जास्त. त्यामुळे या जागा इथल्याच माणसांसाठी राखलेल्या. ओझेलानं फॉर्मवर पत्ता लिहिला, आयुष्यभर लिहीत आली तोच.

आता तिच्या रस्त्याची गंमत अशी, की मधली पिवळी रेघ हीच राज्याची हद्द. घर अलीकडे, लुइझियानात. पण टपालवाल्याची गाडी फक्त पलीकडून जाते, म्हणून अलीकडच्या सातही घरांच्या टपालपेट्या टेक्ससच्या मातीत उभ्या आणि सगळ्यांचा पत्ता टेक्ससमधल्या गावाचा. त्यात काही वावगं आहे, असं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

“मिस ओझेला, तुम्ही तर टेक्ससच्या निघालात,” कंपनीच्या कचेरीतली नदीन म्हणाली.

“टेक्ससला मी फक्त पत्रं आणायला जाते, बाळ.”

नदीन हसली नाही. राज्याचा तपासनीस माणूस बघत नाही, कागद बघतो, असं तिनं समजावलं. गाडीचा परवाना लुइझियानाचा होता खरा, पण त्यावरही पत्ता तोच टपालाचा. सोबत आणखी एक पक्का पुरावा हवा, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागेल.

गुरुवारी ओझेलानं घरातले सगळे खण उपसले. विजेचं बिल टेक्ससच्या कंपनीचं. बँक टेक्ससची. पास्टर हॉलिस यांनी तर फार प्रेमानं पत्र लिहून दिलं, की सिस्टर ओझेला तीस वर्षं आमच्या गायनवृंदात आहेत. पण चर्चही रेघेपलीकडचं, आणि तसं ते पत्राच्या माथ्यावर ठळक छापलेलं. जो तो कागद तिला आणखीच टेक्ससची करून ठेवत होता.

“एवढंच राहिलंय आता,” वेन्डेल म्हणाला, “बायको परराज्यातून पळवून आणली, असं मी लिहून देतो.”

ओझेलाला हसू आलं नाही. तिच्या हाताला घराबाहेरच्या कुणी चांगलं म्हणावं, हे अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा घडलं होतं. निजण्याआधी तिनं गुडघे टेकले आणि काम मागितलं नाही, उद्या कुठल्या दारावर जायचं तेवढं विचारलं.

सकाळी ती जिल्हा कचेरीत गेली, हद्दीचा नकाशा मिळतो का बघायला. घरपट्टीच्या खिडकीवर म्हातारे मिस्टर टॅलफर्ड होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नकाशाऐवजी एक जाड वही काढली.

“नकाशा कशाला? राहत्या घराची घरपट्टीतली सूट तुम्ही ब्याण्णव सालापासून घेताय. राहता टेक्ससमध्ये असं म्हणत असाल, तर ती सगळी मला परत मागावी लागेल.”

“नका मागू,” ओझेला म्हणाली. “उलट मी इथंच राहते, असं लिहून द्या.”

त्यांनी शिक्क्यानिशी लिहून दिलं. त्यात जमिनीचा मोजणी क्रमांक होता, टपालाचं गाव कुठंच नव्हतं. बाराला पंधरा मिनिटं असताना नदीननं तो कागद दोनदा वाचला, परवान्याला जोडला आणि यादीत बरोबरची खूण केली. तिथंच ओझेलाला आणखी दोन नावं खोडलेली दिसली. शेजारची कॉर्डिया मेब्री आणि तिची नणंद. एकच रस्ता, एकच पत्ता.

यादी वर कधी जाते, असं तिनं विचारलं.

“पाचला. पण वेळ बाराचीच दिली होती, मिस ओझेला.” नदीननं खिडकीबाहेर पाहिलं. “मी अजून जेवायला जायचीय. मला आज जेवायला वेळ लागेल.”

ओझेलानं कॉर्डियाला हाताचं पीठही नीट धुऊ दिलं नाही. नणंद-भावजयींना ट्रकमध्ये घालून ती पुन्हा घरपट्टीच्या त्याच खिडकीशी उभी राहिली. मिस्टर टॅलफर्ड म्हणाले, “अख्खा रस्ताच उचलून आणलात की.”

पाचला दहा मिनिटं कमी असताना दोन्ही नावं यादीत परत लागली. परतताना तिघी तळलेल्या माशांच्या दुकानात थांबल्या. ताटं आल्यावर ओझेलानं डोळे मिटून प्रभूचे आभार मानायला सुरुवात केली. प्रार्थना इतकी लांबली की मासे गार झाले, पण कॉर्डियानं मध्ये टोकलं नाही.